चार टेबलं की एकच?

प्रश्न : मी ऐरोलीला राहतो. रात्री लॅपटॉपवर फुकटच्या चिप्सच्या पोकर स्पर्धा खेळतो. चार स्पर्धा एकदम लावल्या की सराव जास्त होतो, पण शेवटी शेवटी सगळीकडेच घसरतो. एकच खेळावी का?

उत्तर : फुकटच्या चिप्सवर खेळता हे उत्तम. पैसे लावून ऑनलाइन खेळायला ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

तुमची घसरण होते ती चारही स्पर्धा एकाच वेळी सुरू केल्यामुळे. नऊ जणांच्या टेबलावर तासाला साधारण साठ डाव पडतात. त्यातले दहा-बारा खेळण्यासारखे, बाकीचे पानं बघताच फेकायचे. चार टेबलांचे मिळून चाळीस-पन्नास झाले, तेवढे झेपतात. पण टेबलावर तिघंच उरले की तीनपैकी दोन डावांत ब्लाइंड (पानं बघण्याआधीची सक्तीची पैज; एक लहान, एक मोठा) भरावा लागतो, निम्मे डाव तरी खेळावेच लागतात आणि डावही भराभर पडतात. ही वेळ चारही ठिकाणी एकदम आली की निर्णयासाठी दिलेलं घड्याळ संपतं. समोर पैज असेल तर सॉफ्टवेअर तुमची पानं फेकून देतं, मग हातात राजांची जोडी का असेना.

म्हणून दोनच लावा, दुसरी तासाभराने. एक अखेरच्या टेबलाजवळ आली की नवी नोंदणी बंद. खिडक्या शेजारी शेजारी मांडा. एकावर एक ठेवल्या तर पाळी आलेली खिडकी अचानक वर उसळते आणि इकडच्या ‘फोल्ड’साठी (पानं फेकण्यासाठी) केलेलं क्लिक तिकडच्या ‘ऑल-इन’वर (सगळ्या चिप्स लावण्यावर) पडतं.

छोट्या स्टॅकचं, म्हणजे जिथे तुमच्या चिप्स कमी उरल्यात तिथलं, आधी उरका. समजा १८,००० चिप्स आहेत, ब्लाइंड १,०००-२,०००; म्हणजे नऊच मोठे ब्लाइंड. तुम्ही बटनावर (पानं वाटणाऱ्याच्या जागेवर), आधीच्या सगळ्यांनी फोल्ड केलंय, हातात एक्का-अठ्ठी. ऑल-इन, दोन सेकंदांचं काम. वाचलेला वेळ दुसऱ्या टेबलावर द्या, जिथे साठ ब्लाइंडचा स्टॅक आहे आणि शेवटच्या पानावर समोरच्याने मोठी पैज टाकली आहे.

तरी आठवड्यातले दोन दिवस एकच टेबल खेळाच. कोण बटनावरून दर वेळी पैज वाढवून ब्लाइंड चोरतो, कोण भक्कम पानांशिवाय रेज करत (पैज वाढवत) नाही, हे तिथेच दिसतं. दिसलं की लगेच त्या खेळाडूच्या नोंदीत लिहा.

प्रश्न : आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये, फोनवर?

उत्तर : स्पर्धा नकोच. अर्ध्या तासात ती संपत नाही, आणि नेट तुटलं तरी ब्लाइंड कापले जातातच. त्या वेळात आदल्या रात्रीचे हरलेले डाव हँड हिस्टरीत (खेळलेल्या डावांच्या साठवलेल्या नोंदीत) उघडून बघा.