सोनं-चांदी गाळल्यावर उरलेलं नायट्रिक ॲसिड ऊर्ध्वपातन करून परत मिळवता येतं का? ते ६८ टक्क्यांच्या वर नेता येतं का?

मिळवता येतं. पण बहुतेक जण ज्या पाण्यातून ते काढायला बघतात, त्यात ते नसतंच. आमच्या घरात यावरून बारा वर्षं वाद चालू आहे, म्हणून लिहितोय.

आम्ही विट्याकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, दुकान कोइमतूरला. तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडात, चांदी-तांबं विरघळवून सोनं वेगळं करायचं आणि वरच्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी खाली बसवायची. उरतं ते निळं पाणी. ते टाकून देणं तात्यांच्या, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांच्या, जिवावर यायचं. "ह्यात आपलं तेजाब हाय," म्हणायचे.

एका रविवारी त्यांनी गच्चीवर वाळू तापवून त्यात काचेचा चंबू बसवला. पहिला लिटर अगदी स्वच्छ आला. तात्या हरखले. चांदीच्या दाण्यांवर ओतून बघितलं तर एक बुडबुडा येईना. ते पाणीच होतं. तिथं थांबायचं सोडून तात्यांनी आच वाढवली. निळं पाणी आटून हिरवट खळ झाली, कडेनं काळी पडत गेली, मग लालसर धूर भसाभसा सुटला आणि चंबू तळाशी तडकला.

संध्याकाळी त्यांना नुसता खोकला होता. जेवले, झोपले. रात्री दोनला श्वास घेता येईना, ओठ निळे पडले. फुप्फुसात पाणी. हा धूर असाच दगा देतो, काही तासांनी. नऊ दिवस तात्या दवाखान्यात होते.

आता हिशेब बघा. एक किलो चांदीला निम्मं पाणी घालून ६८ टक्क्यांचं ॲसिड साधारण ८०० मिली लागतं, तीव्रच ओतलं तर १.२ लिटर. वरचे ४०० मिली धूर होऊन धुराड्यातून जातात. बाकीच्यातलं काही धूर होतं, काही चांदीचं नायट्रेट होऊन बसतं. तांब्याची पट्टी चांदीला बाहेर काढते आणि तिची जागा स्वतः घेते, शिवाय मोकळं राहिलेलं ॲसिडही खाते. मग चंबूत उरलं काय?

ॲसिड वाचवायचं तर धुरातून वाचवा. पाणी घालून थोडं थोडं ओता. धूर हवेसोबत पाण्याच्या दोन-तीन टाक्यांतून न्या. तिथं त्याचं पुन्हा पातळ ॲसिड होतं, ते पुढच्या घाण्यात पाण्याऐवजी वापरा. मी हे तेव्हाही सांगत होतो. तात्या अजून म्हणतात, चंबू चांगला असता तर जमलं असतं. नसतं जमलं. आत तांब्याचं नायट्रेटच होतं.

६८ च्या वरचं विचाराल तर त्या टक्क्याला मिश्रण १२१ अंशांवर जसंच्या तसं उकळतं, नुसत्या उकळण्यानं पुढं जात नाही. कारखाने त्यासाठी गंधकाम्ल वापरतात. तुम्हाला ते हवंच कशाला? चांदीला तर आपण उलट पाणी घालतो.

हा हिशेब निव्वळ चांदीचा आहे. किलोभर तांबं तिपटीहून जास्त ॲसिड खातं. आणि पट्टी टाकायच्या आधीच्या पाण्यात मोकळं ॲसिड भरपूर राहिलं असेल, धूर ओढणारी पक्की सोय असेल, तर ऊर्ध्वपातनाला अर्थ आहे. तेव्हाही तळ कोरडा पडू देऊ नका.