जिल्हाधिकारी मोठे की जिल्हा न्यायाधीश?

प्रश्न : जिल्हाधिकारी आणि जिल्हा न्यायाधीश यांत वरिष्ठ कोण? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या दोघांत वरिष्ठ-कनिष्ठ असे नातेच नाही, कारण त्यांच्या शाखा वेगळ्या आहेत. जिल्हाधिकारी कार्यकारी शाखेतले. कोल्हापूरचे जिल्हाधिकारी पुण्याच्या विभागीय आयुक्तांच्या हाताखाली काम करतात आणि त्यांच्यावरचे मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. जिल्हा न्यायाधीशांवर मात्र संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते, त्यामुळे मंत्र्यांनाही त्यांच्या निकालात हात घालता येत नाही; सामान्य माणसासाठी ही तटबंदी फार मोलाची आहे. सातबाऱ्यावरील फेरफाराची तक्रार मंडळ अधिकाऱ्यांकडून प्रांताधिकाऱ्यांपर्यंत महसुली पायऱ्या चढते, पण त्याच जमिनीच्या मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात बसत असल्याने तिथल्या अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.