वाचक विचारतात: पाहुण्यांच्या वहीत काय लिहावं, काय लिहू नये?

प्रश्न : तारकर्लीला आमचं पाच खोल्यांचं होम-स्टे आहे. सासूबाईंना पाहुण्यांच्या आवडीनिवडी तोंडपाठ असायच्या, आम्ही त्या वहीत लिहून ठेवतो. आता मुलगा सगळं कॉम्प्युटरवर घेणार आहे. नेमकं काय लिहावं?

पुढच्या मुक्कामाला ज्याचा उपयोग होईल तेवढंच. कोणते वार पाळतात, कोणत्या दिवशी मासे चालत नाहीत, गुडघे दुखतात म्हणून तळमजल्याची खोली लागते, कोकणकन्या एक्सप्रेसने येतात म्हणून खोली सकाळीच तयार हवी, मच्छरदाणी लागते. अशा नोंदी पाहुण्याच्या सोयीच्या असतात आणि त्याने वाचल्या तरी त्याला आनंदच होईल.

वहीत चार रकाने पाडा : तारीख, नोंद, ‘सांगितलं की दिसलं’ आणि ‘कुणासाठी’ (स्वयंपाकघर, खोली की हिशेब). यातला तिसरा रकाना कुणीच ठेवत नाही, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. पाहुण्याने एका रात्री सुरमई ताटात तशीच ठेवली. वाढणाऱ्याने लिहिलं, ‘मासे खात नाहीत’. खरं तर त्या दिवशी त्यांचं पोट बिघडलं होतं. पुढच्या वर्षी ते मुद्दाम माशांसाठी आले आणि समोर बटाट्याची भाजी आली. ‘दिसलं’ असं लिहिलेली गोष्ट पुढच्या वेळी विचारून घ्यायची, ‘सांगितलं’ असं लिहिलेली तशीच पाळायची. तारीखही हवीच, कारण आवडी बदलतात, पथ्यं सुटतात.

ॲलर्जीची नोंद मात्र अगदी नेमकी हवी. ‘मासे चालत नाहीत’ एवढ्याने स्वयंपाकघराला काही कळत नाही. ज्यांना कोलंबीची ॲलर्जी असते त्यांच्यापैकी अनेकांना बांगडा, पापलेट चालतं, पण कोलंबीच्या कुळातलं जवळा, सोडे (सुकवलेली कोलंबी), कुर्ल्या, शेवंड असं काहीच चालत नाही. तिसऱ्या-कालवांचं, म्हणजे शिंपल्यांचं, वेगळं विचारायला हवं. आपल्याकडे खरी अडचण सोड्यांची. वांग्याच्या भाजीत चवीला मूठभर घातलेले सोडे आणि सुकटीची चटणी यांची आठवण वाढताना राहत नाही. शिवाय ज्या तेलात कोलंबी तळली त्याच तेलात बांगडा तळला तरी त्रास होऊ शकतो. म्हणून नोंद अशी लिहा : ‘कोलंबी, जवळा, सोडे, कुर्ल्या बंद. बांगडा, सुरमई चालते. तवा व तेल वेगळं.’ आणि ही नोंद काउंटरच्या कपाटात बंद ठेवू नका. पाहुणा येईल त्या दिवशी चिठ्ठी करून स्वयंपाकघरात, ओट्याजवळ लावा.

काय लिहू नये? आडनावावरून ठरवलेली जात, धर्म, सोबत कोण होतं आणि त्यांचं नातं काय, कोण किती प्यायलं. आणि विशेषणं. ‘कटकट्या’, ‘चिंधी’, ‘भांडखोर’ हे शब्द वहीत येऊच देऊ नका. काय घडलं ते लिहा : ‘१२ मे, रात्री ११.३० नंतर गच्चीवर स्पीकर. दोनदा सांगितल्यावर बंद केला.’ किंवा ‘नळ तुटला, ८०० रुपये भरून दिले.’ पुढच्या वेळी खोली द्यायची की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. विशेषण लिहिलं की कारण हरवतं. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं, साबणाला फेस येत नाही. पाहुणा दोनदा तक्रार करतो आणि आपण त्याला ‘कटकट्या’ म्हणून मोकळे होतो. ती तक्रार पाहुण्याच्या पानावर नको, खोलीच्या पानावर हवी. प्रत्येक खोलीला एक पान ठेवा. एकाच खोलीखाली गीझरची तिसरी तक्रार आली की प्लंबर बोलवायचा हे वहीच सांगेल.

मुलगा कॉम्प्युटरवर घेणार म्हणता, तर हेही लक्षात घ्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हा डिजिटल माहितीला, आणि कागदावरून नंतर डिजिटल केलेल्या माहितीला लागू होतो. वही वहीच राहिली तर तो लागू नाही. तिची एक्सेल झाली, किंवा पानाचा फोटो काढून गटावर टाकला, की लागू. लहान व्यवसायाला कायद्यात सरसकट सूट नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर सवय लावून घ्या : फाइलला पासवर्ड, ती दोघांपेक्षा जास्त जणांकडे नको, आणि हंगामापुरत्या ठेवलेल्या मुलाच्या फोनवर तर नकोच. जेवणासाठी सांगितलेली माहिती जेवणासाठीच वापरायची. पाहुण्याने बुकिंगसाठी दिलेल्या नंबरवर एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांची जाहिरात पाठवायची असेल तर ते आधी वेगळं विचारून घ्या.

प्रश्न : गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात कुटुंबासह गेलो. काउंटरवरचा मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, ‘साहेब, मार्चमध्ये आला होतात तीच खोली देतो.’ मार्चमध्ये मी ऑफिसच्या कामाने गेलो होतो, पण मला ते विचित्र वाटलं. ही हॉटेलं आपल्याबद्दल काय काय लिहून ठेवतात? ते बघायला मिळतं का? – एक वाचक, ठाणे

तुम्हाला विचित्र वाटलं ते बरोबरच आहे. पाहुण्याच्या आधीच्या मुक्कामाचा उल्लेख त्याच्या सोबतच्या माणसांसमोर करायचा नाही, हा स्वागतकक्षाचा पहिला धडा. खोली द्यायची तर मुकाट्याने द्यावी.

सॉफ्टवेअर वापरणाऱ्या हॉटेलात प्रत्येक पाहुण्याचं एक प्रोफाइल असतं. नाव, नंबर, ओळखपत्र, आधीचे मुक्काम, किती बिल झालं, कोणत्या संकेतस्थळावरून बुकिंग आलं हे त्यात आपोआप भरलं जातं. त्याखाली माणसांनी लिहिलेल्या नोंदी : उशी कशी लागते, लिफ्टपासून लांबची खोली हवी, बिलावरून वाद झाला होता. काही नोंदींना ‘अलर्ट’ लावलेला असतो, चेक-इनला नाव उघडलं की तो पडद्यावर समोर येतो. खोली आवरणारे, वाढपी, काउंटर असे सगळेच त्यात भर घालतात. रिट्झ-कार्लटनसारख्या साखळीत तर कर्मचाऱ्यांना पाहुण्यांच्या आवडी टिपायला छोटी वही देण्याची पद्धत प्रसिद्ध आहे.

चुका होतात त्या नंबरामुळे. अनेक ठिकाणी प्रोफाइल मोबाइल नंबरावरून शोधलं जातं. घरातल्या चौघांची बुकिंगं एकाच नंबरावरून झाली तर चौघांचं एकच प्रोफाइल होऊ शकतं. मग भावाचं सामिष जेवण आईच्या नावावर जातं, आणि भावाने केलेलं भांडणही.

बघायला मिळतं का? वर सांगितलेल्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार, ज्या माहितीला तुम्ही संमती दिली किंवा जी स्वतःहून दिली तिचा गोषवारा, तिचं काय केलं जातं आणि ती कुणाला दिली हे विचारण्याचा हक्क आहे. कलम १२ नुसार चूक दुरुस्त करून घेता येते आणि गरज संपलेली माहिती पुसायला सांगता येते. तक्रार निवारणाला नियमांनी जास्तीत जास्त ९० दिवस दिले आहेत. हे हक्क मे २०२७ पासून पूर्ण बजावता येतील, पण विचारायला आजही कुणाची आडकाठी नाही. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ईमेल करा. त्यात मुक्कामाची तारीख, बुकिंग क्रमांक आणि एवढंच लिहा : ‘माझ्या प्रोफाइलमधील सर्व नोंदी, शेरे व अलर्टसह, पाठवाव्यात. चुकीच्या नोंदी दुरुस्त कराव्यात. आधीच्या मुक्कामांचा उल्लेख माझ्या सोबतच्या व्यक्तींसमोर करू नये अशी नोंद ठेवावी.’ ‘शेरे व अलर्टसह’ हे शब्द गाळू नका, नाहीतर फक्त बिलांची यादी हातात पडेल.

प्रश्न : गुहागरला जायचं ठरलं. मालकांनी सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागितले. द्यावेत का?

ओळख पटवणं मालकाचं काम आहे, पण त्यासाठी आधारच लागतं असं नाही. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्रही चालतं. आधारच द्यायचं तर मास्क केलेलं द्या. मायआधार संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा, डाउनलोड करताना मास्कचा पर्याय निवडा. पहिले आठ अंक झाकलेले आणि शेवटचे चार दिसणारे, असं कार्ड मिळतं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. फोटो पाठवायच्या आधी त्या चॅटला ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ (आपोआप पुसले जाणारे संदेश) लावून २४ तास निवडा.

मालकांनी त्यांच्या बाजूने व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्सखालची ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद करावी. ती चालू असली की पाहुण्यांची कार्डं फोनच्या गॅलरीत उतरतात, बॅकअप चालू असेल तर तिथून आपोआप गूगल फोटोजवर चढतात, आणि दोन वर्षांनी फोन विकला तरी तिथेच राहतात. आपल्याकडून कोण चोरणार, असं वाटत असेल तर मॅरियटचं उदाहरण आठवा. त्यांच्या स्टारवुड हॉटेलांच्या आरक्षण यंत्रणेत २०१४ पासून घुसखोरी सुरू होती, ती नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झाली. ५० लाखांहून जास्त पासपोर्ट क्रमांक तिथे उघडे, सांकेतिक न करता पडले होते. नको असलेली माहिती साठवली नसती तर ती गेलीही नसती.

परदेशी पाहुण्यांचं मात्र वेगळं. त्यांची माहिती २४ तासांत सरकारच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये भरावीच लागते, तिथे पासपोर्ट आणि व्हिसा टाळता येत नाही.

प्रश्न : मालवण भागातल्या लॉजवाल्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्रास दिलेल्या पाहुण्यांचे फोटो आणि ओळखपत्रं त्यावर टाकतात, म्हणजे बाकीचे सावध होतात. यात काही गैर आहे का?

आहे. स्वतःच्या वहीत ‘यांना पुन्हा खोली द्यायची नाही’ असं लिहिणं वेगळं, आणि दोनशे जणांना ओळखपत्रासकट सांगणं वेगळं. पाहुण्याने ओळखपत्र तुमच्या मुक्कामासाठी दिलं, गटासाठी नाही. मजकूर खोटा किंवा वाढवून सांगितलेला असला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा खटला होऊ शकतो, आणि तो फॉरवर्ड करणाराही त्यात सापडू शकतो. खरंच पैसे बुडवले किंवा मारहाण केली असेल तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत जपून ठेवा. ॲडव्हान्स आणि डिपॉझिट घेण्याची पद्धत लावली तर या ग्रुपची निम्मी गरज उरत नाही.

फोनमध्ये नंबर ‘सावंत पुणे डोकेदुखी’ अशा नावाने ठेवण्याची सवयही सोडा. काही कॉलर आयडी ॲपना संपर्कयादीची परवानगी दिली की तुम्ही ठेवलेलं नाव बाहेर जातं आणि तिसऱ्याच माणसाच्या पडद्यावर झळकतं.

प्रश्न : जुन्या वह्या किती वर्षं ठेवायच्या?

बिलं आणि जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. पोलीस ठाण्याने मुक्कामाच्या रजिस्टरबद्दल आदेश दिला असेल तर त्याप्रमाणे. आवडीनिवडींची वही मात्र बिलांपासून वेगळी बांधा, म्हणजे ती लवकर काढून टाकता येते. शेवटच्या मुक्कामानंतर दोन वर्षं पुरेत असं आमचं मत आहे. ओळखपत्राची प्रत, कुठल्या आदेशाने ठेवायला लावली नसेल तर, चेक-आऊटला हिशेब मिटला की काढून टाका. गणपती झाले की, दिवाळीच्या गर्दीआधी, एकदा बसून हे काम उरकावं.

जुनी वही रद्दीत देऊ नका. रद्दीचा कागद पुढे बाजारात पुडीला जातो, आणि त्यावर पाहुण्याचं नाव, नंबर, पत्ता सगळं असतं. पानं सुटी करून बंबात घाला. पावसात दमट झालेली वही नीट जळत नाही, आतली पानं तशीच राहतात, म्हणून आधी दोन दिवस उन्हात वाळवा.