‘स्पोलिया’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या भिंतींत आठव्या ते दहाव्या शतकातले कोरीव दगड सापडतात. कलेतिहासात त्यांना ‘स्पोलिया’ म्हणतात. मराठीत ‘लुटीचे दगड’ लिहावे, ‘पुनर्वापर’ लिहावे की ‘जीर्णोद्धार’?

‘लूट’ तेवढी नको. लॅटिनमध्ये ‘स्पोलियम’ म्हणजे जनावराची सोललेली कातडी, पुढे शत्रूच्या अंगावरून उतरवलेली शस्त्रे. ‘स्पोलिया’ हे त्याचे अनेकवचन. (म्हणून ‘स्पोलियाज’ लिहू नये.) लुटीचा अर्थ मुळात आहे, पण यॉर्कशरच्या खेड्यात तो लागू पडत नाही. तिथे बहुतेक वेळा चर्चच्याच आवारातला जुना क्रूस किंवा थडग्याचा दगड उचलून चर्चच्याच भिंतीत गेलेला असतो. कोणी कोणाला लुटलेले नाही.

‘जीर्णोद्धार’ चांगला शब्द, पण तो वास्तूचा होतो, दगडाचा नाही. यॉर्कशरमधल्या कर्कडेलच्या सेंट ग्रेगरी चर्चवर घड्याळशिळा आहे, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारी. तिच्यावरचा लेख सांगतो की ऑर्म नावाच्या माणसाने मोडून पडलेले चर्च विकत घेऊन नव्याने बांधवले, राजा एडवर्ड आणि अर्ल (बडा सरदार) टॉस्टी यांच्या काळात. टॉस्टीची कारकीर्द 1055 ते 1065, त्यामुळे काळ दहा वर्षांत बसतो. हा शुद्ध जीर्णोद्धार. त्याच चर्चच्या बाहेरच्या भिंतींत जुन्या क्रूसांच्या खांबांचे तुकडे दिसतात. ते मात्र चिणलेले.

हेच क्रियापद मला इथे नेमके वाटते. ‘चिणणे’ म्हटले की दगड सांध्यांत पक्का बसला, थराचा भाग झाला आणि त्याची बरीचशी अंगे झाकली गेली, एवढे सगळे कळते. बुरुजात माणूस चिणल्याच्या दंतकथांनी या शब्दाला आलेली काळी छटा इथे बिघडवत काही नाही. ‘पुनर्वापर’ क्रियेसाठी ठीक आहे, पण वस्तूला नाव म्हणून तो कचरा व्यवस्थापनाच्या परिपत्रकातला वाटतो. कोरीव, घडीव, घोटीव यांच्या चालीवर ‘चिणीव’ करता येईल. पण भिंतीतला कुठलाही दगड चिणीवच, म्हणून ‘जुना कोरीव दगड, भिंतीत चिणलेला’ असे लांबच लिहावे.

क्रूसाचा खांब चिणायला सोयीचा का, हे कळले की वर्णनात चुका होत नाहीत. खांब लांब आणि चौकोनी असल्यामुळे थोडी घडाई करून तो दाराच्या माथ्यावर किंवा कोपऱ्यात बसतो. क्रूसाचे डोके अडचणीचे. भुजा फोडल्याशिवाय ते थरात मावत नाही. म्हणून भुजा तुटक्या दिसल्या की लगेच ‘मूर्तिभंजन’ लिहू नये, ते गवंड्याचे कामही असू शकते. खांब वर निमुळता होत जातो. निमुळती बाजू आडवी दिसली किंवा वेणीसारख्या गुंफणीची नक्षी कडेला अर्धीच कापली गेली असेल, तर दगड मूळच्या जागी नाही. खांब बहुधा चारही अंगांनी कोरलेला असतो आणि भिंतीत दिसते एकच अंग. आत दडलेल्या अंगांना ऊन-पाऊस लागत नाही, त्यामुळे तिथली नक्षी पुष्कळदा जास्त रेखीव राहते. मिडल्टनच्या चर्चच्या मनोऱ्यातून व्हायकिंग काळातले क्रूस 1948 साली काढले, तेव्हा ते सगळ्या बाजूंनी पाहता आले.

जागा बदलली की क्रियापदही बदलावे. डरॅम कॅथीड्रलच्या सभागृहाच्या पायात 1891 साली क्रूसांची डोकी निघाली; ती ‘पायात भरलेली’. ब्रॉम्प्टनला 1867 च्या दुरुस्तीत कुबडदार पाठीचे, दोन्ही टोकांना मिठी मारणारी अस्वले कोरलेले थडग्याचे दगड मिळाले. बाहेर काढून मांडल्यावर त्यांना ‘चिणलेले’ म्हणणे चुकीचे, ‘पूर्वी चिणलेले’ म्हणावे. ब्रीडनच्या आठव्या शतकातल्या नक्षीपट्ट्या मात्र दिसाव्यात म्हणूनच चर्चच्या भिंतींत आहेत, तिथे ‘बसवलेल्या’ हेच योग्य. एस्कमच्या उत्तरेकडच्या भिंतीत रोमन सहाव्या सैन्यदलाचे नाव कोरलेला दगड उलटा लागला आहे. त्यासाठी ‘उलटा चिणलेला’ पुरे. तो दगड रोमन आणि चर्च सातव्या शतकातले, हा फरक वाक्यात आलाच पाहिजे.

आपल्याकडे वीरगळ पाराला किंवा पायरीला ‘लावलेला’ म्हणतात, तेही चालेल, कारण तो उघड्यावर असतो. ‘क्रूस’ हा शब्द मराठी ख्रिस्ती वापरातला आहे, गोव्याकडे ‘खुरीस’; ‘क्रॉस’ लिहायची गरज नाही.

नमुन्याचे वाक्य असे होईल: ‘दक्षिण भिंतीच्या तिसऱ्या थरात, दहाव्या शतकातल्या क्रूसस्तंभाचा तुकडा आडवा चिणलेला, एकच अंग उघडे, नक्षी डावीकडे कापलेली.’ ‘स्पोलिया’ हा शब्द लेखात पहिल्यांदा येईल तेव्हा एकदा सांगावा, पुढे मराठीच चालू द्यावी.