मांजरांचा आणि माणसांचा हृदयविकार खरोखरच एक असतो का?

हृदयाच्या स्नायूची भिंत जाड होण्याच्या विकाराबाबत, म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीबाबत, याचे उत्तर बव्हंशी होकारार्थी आहे. २००५ साली मेन कून जातीच्या मांजरांत आणि २००७ साली रॅगडॉल जातीत ज्या जनुकात दोष सापडला, ते मायोसिन-बायंडिंग प्रोटीन सी (हृदयाच्या स्नायूतले एक प्रथिन) तयार करणारे जनुक माणसांतील याच विकाराच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. सोनोग्राफीत मांजराच्या डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत ६ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दिसली की पशुवैद्य सावध होतात. प्रौढ माणसात हीच सीमा साधारण १५ मिलिमीटरची आहे. फरकही आहेत: मांजराच्या हृदयात तयार झालेली गुठळी अनेकदा महाधमनीच्या टोकाशी अडकते आणि मागचे पाय अचानक लुळे पडून थंडगार होतात, तसे माणसांत क्वचितच घडते.

संशोधनाचा उपयोग दोन्ही बाजूंना होतो. हृदयाचे अतिरिक्त आकुंचन कमी करणारे मावाकॅम्टेन हे औषध अमेरिकेत २०२२ साली माणसांसाठी मंजूर झाले, त्याआधी ते हा विकार नैसर्गिकरीत्या झालेल्या मांजरांत तपासले गेले होते. उलट, अवयव प्रत्यारोपणानंतर माणसांना दिले जाणारे रॅपामायसिन वेगळ्या स्वरूपात २०२५ साली तेथेच मांजरांसाठी सशर्त मंजूर झाले. मात्र घरातल्या मांजराला माणसाच्या हृदयाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देणे (हाही प्रश्न हमखास येतो) जिवावर बेतू शकते.