झोपेची रात्रीची टेस्ट नॉर्मल आली म्हणून थांबू नका, आणि चालू गोळ्यांचं आधी विचारा

तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. रात्री आठ तास झोपूनही ऑफिसात पेंग येते, थायरॉईड, बी१२ सगळं ठीक, स्लीप स्टडीही नॉर्मल, म्हणून डॉक्टर म्हणाले स्ट्रेस असेल. पण शेवटी जाता जाता लिहिलंय ना, की भाचीच्या बोलण्यावर हसताना हातातला कप सुटला आणि गुडघे लटपटले, तिथे मी थबकले. हे डॉक्टरांना सांगितलंय का? मी नव्हतं सांगितलं. चक्कर येते का, शुद्ध जाते का असं विचारलं, मी नाही म्हटलं, कारण खरंच जात नाही, सगळं ऐकू येत असतं, फक्त अंगातला जोर गेलेला असतो. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात आणि नार्कोलेप्सीची (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) ती मोठी खूण आहे.

मी डॉक्टर नाही, आधीच सांगते. तुम्हाला तेच असेल असंही नाही.

माझं काय झालं ते ऐका. डोंबिवलीहून ठाण्याला नोकरी, पण कितीदा तरी डोळे उघडले ते सीएसएमटीला. घरी नाव पडलं कुंभकर्ण. मग एका डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या सुरू केल्या. पुढे स्लीप स्टडी केली, फक्त रात्रीची. ती मुख्यतः घोरणं, श्वास अडकणं यासाठी, त्यात माझं काही निघालं नाही. नार्कोलेप्सीसाठी दुसऱ्या दिवशी तिथेच थांबून एमएसएलटी (दिवसा किती लवकर झोप लागते ते मोजणारी टेस्ट) करावी लागते, दर दोन तासांनी झोपायला लावतात, चार-पाच वेळा. सरासरी ८ मिनिटांच्या आत झोप लागली आणि दोन किंवा जास्त वेळा लगेच रेम झोप आली (स्वप्नं पडतात ती), तर पॉझिटिव्ह धरतात. आदल्या रात्रीच्या स्टडीतली रेमही लगेच आली असेल तर तीही मोजतात.

तीही केली मी, भांडून. आणि इथेच घोळ झाला. टेस्टवाल्यांना फोनवर विचारलं, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, चालेल ना? पलीकडून "हो हो मॅडम, काही बंद करू नका". त्या गोळ्या रेम झोप दाबतात! रिपोर्टमध्ये सरासरी ५ मिनिटं आणि रेम शून्य. निष्कर्ष, नार्कोलेप्सी नाही. बस्स, पुढची अडीच वर्षं जो तो डॉक्टर तो कागद बघून मला परत पाठवायचा. नंतर तक्रार केली तर म्हणे तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारायला हवं होतं. हवं होतं, मान्य, पण मग फोनवर डॉक्टरी कशाला करता? दुसरीकडे परत केली तेव्हा ५ पैकी ४ वेळा रेम. इन्शुरन्सवाल्यांनी दोन्ही बिलं नाकारली, "फक्त तपासणी आहे" म्हणून, तो राग वेगळाच.

गंमत म्हणजे कॅटाप्लेक्सीवर त्याच जातीच्या गोळ्या देतात. म्हणजे मधली अडीच वर्षं माझे गुडघे बरे होते ते त्या चुकीच्या निदानामुळेच, आणि मीही ते लक्षण विसरून गेले.

तर तुम्ही असल्या गोळ्या घेत असाल तर टेस्ट ठरवण्याआधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, साधारण दोन आठवडे आधी थांबवतात, काही गोळ्या त्याहून बऱ्याच आधी. मनाने बंद करू नका प्लीज, एकदम सोडल्या तर कॅटाप्लेक्सी उसळते, मी बंद केल्यावर (डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच) तीनदा ओट्याजवळ खाली बसले होते.

सध्या सकाळी मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) आणि दुपारी २० मिनिटं गजर लावून झोप. साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून मिळवलीय. तासभर झोपले तर उलट झापड जात नाही. डब्यात भात बंद केला, मला फरक पडला, तुम्हाला पडेलच असं नाही. चहाने काही होत नाही, पाहुणे मात्र सांगत राहतात. आणि हो, गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर मोडाफिनिलने त्यांचा असर कमी होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, गोळ्यांच्या पाकिटातल्या चिठ्ठीच्या बारीक अक्षरात वाचलं.

स्कूटर तूर्त घरीच ठेवा. आणि तो कपाचा किस्सा तारखेसकट लिहून न्या, जमलं तर घरच्यांना एखाद्या वेळी व्हिडिओ काढायला सांगा, माझ्या बहिणीने काढलेला १५ सेकंदांचा व्हिडिओ बघूनच दुसऱ्या डॉक्टरांनी टेस्ट परत लिहून दिली.