‘कॉल ऑफ’ की ‘पुट ऑफ’?

तारकर्लीला निवास-न्याहारी चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वारा वाढल्यामुळे सिंधुदुर्ग किल्ल्याची फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी करायचे ठरले, तेव्हा त्यांनी परदेशी पाहुण्यांना ‘द ट्रिप इज कॉल्ड ऑफ’ असे कळवले आणि पाहुण्यांनी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले. ‘कॉल ऑफ’ आणि ‘पुट ऑफ’ यांत नेमका फरक काय, आणि अशी क्रियापदे याद्या पाठ करूनही लक्षात का राहत नाहीत, असे त्यांनी विचारले आहे.

‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणे आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. त्यामुळे ‘द ट्रिप हॅज बीन पुट ऑफ टिल टुमॉरो मॉर्निंग’ असे म्हणायला हवे होते. ‘टिल’ जोडून पुढची वेळ सांगितली की गैरसमजाला जागा उरत नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्याच बंद असतात, तिथे मात्र या दोहोंपैकी एकही नको, साधे ‘क्लोज्ड’ पुरेसे आहे. ‘पुट ऑफ’चा आणखी एक अर्थ किनाऱ्यावर राहणाऱ्याने ध्यानात ठेवावा असा आहे. सुकत घातलेल्या मासळीकडे पाहून पाहुणा ‘द स्मेल पुट मी ऑफ’ म्हणाला, तर त्याने काहीही पुढे ढकललेले नाही. वासाने त्याची इच्छाच गेली, एवढेच तो सांगतो आहे.

याद्या टिकत नाहीत, कारण त्या मूळ क्रियापदाखाली लावलेल्या असतात: एका ‘पुट’खाली दहा ओळी, सगळ्यांची सुरुवात सारखी आणि अर्थ दहा दिशांना. मराठीतही अर्थ असाच सबंध जोडीत राहतो. ‘लावून धरणे’ यात काही लावलेले नसते आणि हाताने काही धरलेलेही नसते. ‘उडवून लावणे’, ‘खपवून घेणे’ यांचेही तसेच. ही रूपे आपण यादीतून शिकलो नाही. कोणी मागणी लावून धरली, कोणी सूचना उडवून लावली, कोणाचा उद्धटपणा खपवून घेतला गेला नाही, अशा सबंध वाक्यांतून ती आपल्या कानावर पडली. इंग्रजीतली क्रियापदेही वाक्यासकट, कर्ता आणि कर्म यांच्यासह शिकावीत, असे माझे ठाम मत आहे.

कर्त्याला किती महत्त्व असते हे ‘गो ऑफ’मध्ये स्वच्छ दिसते. ‘द लाइट्स वेंट ऑफ’ म्हणजे दिवे गेले. ‘द फिश हॅज गॉन ऑफ’ म्हणजे मासे खराब झाले. पण ‘द अलार्म वेंट ऑफ’ म्हणजे गजर वाजला! आपल्याकडे विजेच्या बटणामुळे ‘ऑफ’ म्हणजे ‘बंद’ एवढेच डोक्यात बसलेले असते, म्हणून गजर बंद पडला असा उलटा अर्थ घेतला जातो. खरे तर ‘ऑफ’मध्ये एखाद्या जागेपासून दूर होण्याचा, सुटण्याचा भाव फार जुना आहे. गोळी सुटते त्यालाही इंग्रजीत ‘गो ऑफ’च म्हणतात, आणि गजराचा ‘ऑफ’ त्याच जातीचा. प्रवासाला निघणे ते ‘सेट ऑफ’, पाहुण्याला कुडाळ स्टेशनवर सोडणे ते ‘ड्रॉप ऑफ’, गाडी सुटेपर्यंत थांबून निरोप देणे ते ‘सी ऑफ’. हा धागा प्रत्येक ठिकाणी हाती लागेलच असे नाही, पण जिथे लागतो तिथे पाठांतराचे ओझे बरेच हलके होते.

ताईंच्या व्यवसायात एक जोडी विशेष जपून वापरावी लागेल. ‘वी कॅन पुट यू अप फॉर टू नाइट्स’ म्हणजे दोन रात्री तुमच्या राहण्याची सोय आम्ही करू शकतो. त्यात ‘विथ’ शिरून ‘पुट अप विथ यू’ झाले, की दोन रात्री तुम्हाला सहन करू शकतो असा अर्थ होतो.

शब्दक्रमाचाही एक नियम आहे. ‘कॉल ऑफ द ट्रिप’ आणि ‘कॉल द ट्रिप ऑफ’ ही दोन्ही रूपे चालतात, पण सर्वनाम आले की ते मध्येच बसते: ‘कॉल इट ऑफ’ बरोबर, ‘कॉल ऑफ इट’ चूक. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही. तिथे ‘लुक आफ्टर देम’ असेच म्हणतात. उच्चारातही हा भेद ऐकू येतो. ‘कॉल इट ऑफ’मध्ये जोर ‘ऑफ’वर पडतो, तर ‘लुक अ‍ॅट इट’मध्ये तो ‘लुक’वर पडतो आणि ‘अ‍ॅट’ जवळजवळ गिळला जातो.

बँकेला किंवा सरकारी कार्यालयाला इंग्रजीत पत्र लिहायचे असेल, तर ‘पुट ऑफ’ऐवजी ‘पोस्टपोन’ आणि ‘कॉल ऑफ’ऐवजी ‘कॅन्सल’ लिहावे. मराठीत बोलताना आपण बैठक पुढे ढकलतो आणि नोटिशीत ती स्थगित करतो, तोच हा फरक आहे. पाहुण्यांना फोनवरून निरोप देताना मात्र ‘पुट ऑफ टिल’ हेच अधिक सहज वाटेल.